शेंगा घरी, खजूर खिशात

ताई, नमस्कार.

मी जुळे सोलापुरात राहते, वय ३८, शाळेत शिकवते. दीडेक वर्षापासून सायकल चालवतेय. आधी सकाळी तासभर विजापूर रोडला, मग रविवारी ग्रुपबरोबर अक्कलकोट, तुळजापूर असं वाढत गेलं. ऑक्टोबरात पहिल्यांदाच नळदुर्ग केलं, येऊन-जाऊन शंभराच्या घरात. पहाटे नुसता चहा घेऊन निघाले होते. तिथं पोचेपर्यंत फक्त पाणी. किल्ल्यापाशी बसून सासूबाईंनी दिलेले दोन डिंकाचे लाडू आणि शेंगांच्या चिक्कीचे दोन तुकडे खाल्ले. परत निघाल्यावर पोट गच्च, आणि इटकळ मागं टाकून बोरामणी यायच्या आत पायातलं त्राणच गेलं. हात थरथरायला लागले, कुणी नुसतं विचारलं तरी रडू येईल असं वाटत होतं. रस्त्याकडेला बसले. ग्रुपमधल्या एकानं विकतच्या एनर्जी जेलची पुडी दिली, ती घेतल्यावर थोड्या वेळानं हलता आलं.

आता सगळे म्हणतात, बार आणि जेल घेत जा. एकेक बार ऐंशी रुपयांना! मागवून बघितले, तर चॉकलेटवाला खिशातच वितळला. सासूबाई वेगळ्याच दुखावल्यात. "घरचं तूप-डिंक बाधतं आणि पाकिटातलं चालतं होय?" डिसेंबरात विजापूर करायचंय, जमलं तर पुढं २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. घरी करता येईल असं काही सांगाल का? ग्रुपमध्ये एक काका आहेत, त्यांना शुगर आहे. त्यांनाही तेच चालेल का?

एक सायकलवाली, जुळे सोलापूर

* * *

सासूबाईंचा लाडू निर्दोष आहे हे पहिल्यांदा सांगते, घरात शांतता राहिलेली बरी. नळदुर्गच्या वाटेवर तुमचा घात केला तो पहाटेच्या नुसत्या चहानं आणि त्यानंतरच्या पन्नासेक किलोमीटरच्या उपासानं. लाडू पोटात गेला तोवर उशीर झाला होता, आणि घाईचं काम करणं हा डिंकाच्या लाडवाचा स्वभाव नाही.

आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठवलेली असते. तिला ग्लायकोजेन म्हणतात. ही आपली कणगी. रात्री आपण झोपतो तेव्हाही मेंदूला साखर लागतेच, ती यकृतातून जाते, त्यामुळं पहाटे निघणारा माणूस कणगीचा एक कोपरा रिकामा करूनच निघालेला असतो. त्यात जोरात दोन-तीन तास पायडल मारलं की उरलेलंही तळाला जातं. अंगावर चरबी कितीही असो, तिच्यापासून ताकद मिळायचा वेग कमी. ती रमतगमत चालायला पुरते, ग्रुपच्या मागं धावायला पुरत नाही. रक्तातली साखर उतरली की हात थरथरतात, चिडचिड होते, रडू येतं. म्हणजे तुम्हाला रडू आलं ते मन कच्चं म्हणून आलं असं समजू नका. मेंदूला खायला नव्हतं, एवढंच.

आता लाडू. डिंकाच्या लाडवात काय असतं? खारीक, खोबरं, तळलेला डिंक, बदाम, खसखस, गूळ आणि हात सैल सोडून घातलेलं तूप. एका लाडवातल्या निम्म्याच्या आसपास कॅलरी तुपा-खोबऱ्यातून येतात. बाळंतिणीला किंवा थंडीत सकाळी एक दिला की दुपारपर्यंत पोटाला आधार, हेच त्याचं काम, आणि ते तो चोख करतो. पण स्निग्ध पदार्थ पोटातून पुढं सरकायला वेळ घेतात, आणि तुम्ही सायकलवर असताना शरीर रक्त पायांकडं वळवतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं. दोन लाडू आणि वर शेंगांची चिक्की पोटात बसून राहिली. पोट भरलेलं आणि पाय उपाशी, अशी तुमची गत झाली. जेलच्या पुडीत काही जादू नसते. ती म्हणजे दाट साखरेचं पाणी आणि चिमूटभर मीठ. लगेच रक्तात गेली म्हणून तुम्ही उठलात.

यातूनच पुढचं सगळं निघतं. सायकलवर असताना खायचं ते लवकर पचणारं पिठूळ आणि गोड, बरोबर थोडं मीठ, तूप-तेल नावापुरतं. दीड तासाच्या आतली राइड असेल तर काहीच नको, पाणी पुरे. त्यापुढं गेलात की तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, हा क्रीडा-आहारातला सर्वमान्य हिशोब आहे. तुमच्या वेगाला ४०-५० ग्रॅम ठीक. स्पर्धेतले लोक ९० पर्यंत, कधी त्याच्याही वर जातात, पण त्यासाठी पोटाला महिनोन्महिने सवय लावावी लागते. तुम्हाला त्याची गरज नाही.

हे ग्रॅम आपल्या स्वयंपाकघरात कसे दिसतात ते बघा. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम. लहान खजुराच्या एका फळात पाच-सहा. दहा ग्रॅम गुळाच्या खड्यात नऊ. उकडलेला बटाटा १०० ग्रॅम घेतला तर अठराच्या आसपास. चुरमुरे म्हणजे जवळजवळ निव्वळ कर्बोदकं, १०० ग्रॅमला पंचाऐंशीच्या वर, फक्त ते १०० ग्रॅम एका पातेल्यात मावत नाहीत. आणि शेंगा? मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत कर्बोदकं जेमतेम पाच ग्रॅम आणि तेल चौदा-पंधरा. सोलापूरच्या माणसाला हे सांगताना माझी जीभ अडखळते. आपल्याकडं भाजीत शेंगांचं कूट, चटणी शेंगांची, पोळीही शेंगांची. तरी सांगते, सायकल हलत असताना शेंगा खाऊ नका. घरी आल्यावर पोटभर खा.

विकतच्या बारबद्दलही एक सांगून टाकते. अर्ध्या लोकांनी मागवलेले बार हे प्रोटीन बार असतात. ते व्यायाम झाल्यावर खायचे, सायकलवर त्यांचा उपयोग लाडवाइतकाच. आणि मोबाइलवर ज्या पाककृती फिरत असतात, ओट्स, जवस, भोपळ्याच्या बिया, चिया, वर पीनट बटर आणि "साखर अजिबात नाही" अशी शेखी, त्या ऑफिसच्या टेबलावर बसून खायला छान. चाकावर इतका चोथा आणि इतकं तेल कशाला हवं? साखर नको असणारा माणूस चार तास सायकल कशाला चालवतोय, हे मला कधी कळलेलं नाही.

आता करायचं काय ते. माझी भिस्त खजूर-चुरमुऱ्याच्या वडीवर आहे. पाव किलो मऊ काळा खजूर घ्या, बिया काढलेला. रमजानात विजापूर वेशीत खजुराचे ढीग लागतात तेव्हा चांगला मिळतो, एरवी कुठल्याही किराणा दुकानात पाकिटातला चालेल. फक्त दाबून बघा, बोट रुतलं पाहिजे. सुकून कडक झालेला नको. ६० ग्रॅम चुरमुरे, ५० ग्रॅम गूळ, दोन मोठे चमचे भाजलेल्या शेंगांचं कूट (एवढी सूट सोलापूरकर म्हणून), अर्धा चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा सुंठ आणि अर्ध्या लिंबाचा रस.

चुरमुरे कढईत मंद आचेवर कोरडेच परता. बोटात धरून चुरा झाला की उतरवा आणि मिक्सरमधून एकदाच फिरवून जाडसर रव्याएवढे करा. ही पायरी टाळू नका. अख्खे चुरमुरे वडीत दिसायला सुंदर दिसतात, पण चढावर तोंडानं श्वास चालू असताना त्यातला एक कोरडा कण घशात गेला की असा ठसका लागतो की सायकल थांबवावी लागते. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे पाणी घालून गूळ विरघळवा. बुडबुडे यायला लागले की चिरलेला खजूर घाला आणि उलथन्यानं दाबत, घोटत राहा. पाच-सात मिनिटांत त्याचा एक गोळा होतो आणि कडेनं सुटायला लागतो, मग गॅस बंद. मीठ, सुंठ, लिंबू, कूट आणि शेवटी चुरमुऱ्यांचा रवा. हाताला सोसेल इतकं गार झालं की मळून घ्या. ताटाला तुपाचं बोट फिरवून अर्धा इंच जाड थापा आणि दोन बोटं रुंदीच्या वड्या कापा.

या मापात चौदा वड्या होतात. एका वडीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं आणि तेल एक ग्रॅमच्या आतबाहेर. खजुरात आणि गुळात ग्लुकोज-फ्रुक्टोज दोन्ही मिळतं, चुरमुऱ्यातून नुसतं ग्लुकोज. आतड्यातून ही दोन वेगवेगळ्या वाटांनी आत जातात, म्हणून अशी सरमिसळ एकट्या ग्लुकोजपेक्षा पोटाला सोसते. थंडीत कोरड्या डब्यात आठवडाभर टिकतात. बाजारभाव वरखाली होतो, तरी एक वडी सहा-सात रुपयांच्या पुढं जात नाही. ऐंशीच्या बारचा हिशोब तुम्हीच करा.

गोड खाऊन खाऊन कंटाळा येतो, तो तिसऱ्या तासाला हमखास. तेव्हा एकही वडी नकोशी होते आणि माणूस खाणंच सोडतो, मग पुन्हा बोरामणी. त्यासाठी डब्यात खारट काहीतरी हवंच. लहान बटाटे सालीसकट उकडायचे, साल काढून मीठ, जिरेपूड आणि चिमटीभर आमचूर चोळायचं, एका पिशवीत तीन-चार. लाल तिखट नको, घामाच्या हातानं डोळा चोळला की कळतं. परदेशातले सायकलपटू भाताच्या वड्या नेतात. आपल्याकडं चिकट तांदळाचा मऊ भात गुळाबरोबर शिजवून, थापून तसं करता येतं आणि लागतंही छान. पण भात आपल्या हवेत लवकर आंबतो आणि शिळ्या भातातले जंतू पोट बिघडवतात, गरम केला तरी त्यांचं विष जात नाही. पहाटे शिजवून, नीट गार करून नेणार असाल आणि तीन तासांत संपवणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत करून बघा. फेब्रुवारीनंतर त्याच्या वाट्याला जाऊ नका.

राजगिऱ्याचे लाडू? पिठूळ आहेत, हलके आहेत, सगळ्या एसटी स्टँडवर मिळतात. भुरभुरतात फार. थांबून, पाण्याबरोबर खाणार असाल तर उत्तम. केळं तर कुठंही चालतं, फक्त पिकलेलं बघून घ्या.

पाण्याचं मात्र नीट ऐका, कारण सोलापुरात खाण्यापेक्षा पाण्यानं माणूस जास्त फसतो. ७५० मिलिलीटरच्या बाटलीत तीन मोठे चमचे सपाट साखर, पाव चहाचा चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस. झालं तुमचं इलेक्ट्रोलाइट. साखर ३८-४० ग्रॅम आणि सोडियम ६०० मिलिग्रॅमच्या जवळपास जातं. गुळाचं पाणीही चालतं, फक्त वस्त्रगाळ करा, नाहीतर बाटलीच्या तोंडात कचरा अडकतो. जर्सी वाळल्यावर पाठीवर पांढरे डाग उमटत असतील तर तुमच्या घामात मीठ जास्त जातंय, चिमूटभर वाढवा. एका बाटलीत सरबत, दुसऱ्या बाटलीत साधं पाणी ठेवा. तोंड धुवायला आणि मानेवर ओतायला साधंच लागतं. भीतीपोटी तासाला दोन-दोन लिटर नुसतं पाणी ढोसणंही बरं नव्हे, त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं आणि डोकं दुखून मळमळतं. थंडीत तासाला अर्धा लिटर, उन्हाळ्यात पाऊण, वर तहान सांगेल ते.

सरबत पीत असाल तर तासाला एकच वडी पुरे. नुसतं पाणी असेल तर दोन. दोन्हीकडून गोड भरलं की पोट ढवळतं आणि मग लोक म्हणतात, घरचं काही सोसत नाही. वाटेत रसवंतीवर उसाचा रस मिळाला तर बिनबर्फाचा अर्धा ग्लास घ्या, त्यात मीठ-लिंबू घालून. तोही खुराकच आहे, त्या तासाची वडी त्यात वळती करा.

चॉकलेट वितळलं याचं तुम्हाला नवल वाटलं, मला नाही वाटलं. जर्सीच्या मागच्या खिशात अंगाची ऊब, वर ऑक्टोबरचं ऊन. खजुराची वडी वितळत नाही, पण गूळ घामानं पाझरतो आणि चिकट होतो. म्हणून प्रत्येक वडी वेगळी बटर पेपरमध्ये गुंडाळा. पेपरची टोकं पिळू नका, नुसती दुमडा; पिळलेली टोकं एका हातानं सुटत नाहीत, आणि दुसरा हात हँडलवर हवा. ॲल्युमिनियमची चांदी नको, गडबडीत तिचा तुकडा दाताखाली येतो. पुढच्या दांड्यावर बसणारी छोटी पिशवी मिळते, तिच्यात ठेवा. समोर दिसलं की खायची आठवण होते, पाठीमागच्या खिशातलं विसरतं. कागद परत त्याच पिशवीत, रस्त्यावर टाकायचे नाहीत. शिक्षिकेला हे सांगायला नको, पण ग्रुपला सांगा.

आणि खायचं कधी? भूक लागल्यावर नाही. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच पहिली वडी, अर्धी आत्ता, अर्धी दहा मिनिटांनी. त्यानंतर घड्याळ बघून दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घास. एकदम बसून जेवल्यासारखं खाल्लं की तुमचं नळदुर्ग होतं. पहाटे निघायच्या आधी तासभर काहीतरी पोटात जाऊ द्या. पोळी-गूळ, वाटीभर पोहे किंवा एक केळं आणि मग चहा. आदल्या रात्री भाकरी आणि उसळ खाऊन पहाटे निघणाऱ्यांना वाटेत झाडं शोधावी लागतात. त्या रात्री वरण-भात बरा.

विजापूरचा हिशोब मांडून देते. सोलापूरहून शंभरेक किलोमीटर, तुमच्या वेगानं चाकावर पाचेक तास. म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. पाच वड्या, तीन बाटल्या सरबत, एक केळं. झालं. बाटलीची साखर-मीठ घरूनच कागदाच्या तीन पुड्यांत मोजून न्या, ढाब्यावर पाणी आणि लिंबू मिळतं. बटाटे वरचे, मन रमवायला.

बीआरएमचं गणित थोडं वेगळं आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते. तिथं वेग कमी, थांबे जास्त, आणि दिवसभर नुसती खजुराची वडी कुणालाच जाणार नाही. अशा संथ, लांब चालीत थोडी चरबी सोसते, नव्हे, बरीही वाटते. तिथं शेंगा पोळीला जागा आहे. मधल्या मोठ्या थांब्यावर, पंधरा-वीस मिनिटं बसून, अर्धी पोळी. दोन घास इडली किंवा दहीभातही. तुपात बुडवलेली अख्खी पोळी नको आणि थांब्यावरून उठल्या उठल्या चढ असेल तर अर्धीही नको.

काकांचं वेगळं. त्यांना सरसकट "चालेल" असं मी सांगणार नाही आणि तुम्हीही सांगू नका. ही वडी म्हणजे साखरच आहे. खजूर-गूळ म्हटल्यानं ती औषधी होत नाही. पण उलटी बाजूही आहे. ते इन्सुलिन घेत असतील किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी, तर लांब राइडमध्ये त्यांची साखर धोकादायक खाली जाऊ शकते, कधीकधी घरी पोचल्यावर काही तासांनीसुद्धा. औषधाचा डोस, राइडच्या आधी किती खायचं, वाटेत किती, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. ग्लुकोमीटर बरोबर असू दे. ग्रुपमधल्या सगळ्यांना एवढं माहीत हवं: काका घामाघूम झाले, हात कापायला लागले, बोलणं अडखळलं, तर थांबवून लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, कमीच असेल तर पुन्हा द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. आणि तुमच्यासाठी, एकदा हिमोग्लोबिन बघून घ्या. वेळेवर खाऊनही पाय असेच गळत असतील तर दोष वडीचा नसेल.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना वडीच्या कामात घ्या. त्यांना पाक कळतो आणि तुम्हाला, पत्रावरून तरी, फक्त खाता येतो. खजूर महाग झाला किंवा कंटाळा आला की खजूर निम्मा करून गुळाच्या मऊ पाकातली चुरमुऱ्याची वडी करायची, ती त्यांच्याच हातून करून घ्या. गूळ साधा, चिक्कीचा नको. वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून बघायचा; बोटानं गोळा झाला आणि चिमटीत दबला की उतरवायचा. त्याच्या पुढं जाऊन थेंब वाटीच्या बुडाला टणकन वाजला तर ती चिक्की झाली, ती सायकलवर दातांची परीक्षा बघते. ही नजर पुस्तकातून येत नाही, त्यांच्याकडं आहे. आणि डिंकाचे लाडू नाकारू नका. राइड नसेल त्या सकाळी एक खा, त्यांच्यासमोर. राइडवरून आलात की आंघोळीनंतर कडक भाकरी, शेंगा चटणी, दही आणि कांदा. शेंगांमधली प्रथिनं थकलेल्या स्नायूंना तेव्हाच लागतात, आणि चटणीतलं मीठही.

विजापूरला नवा डबा घेऊन थेट जाऊ नका. आधी एखाद्या रविवारी तुळजापूर करा, हाच डबा, हेच सरबत, घड्याळ लावून. घाटाच्या अलीकडेच एक वडी संपवा आणि दोन घोट प्या. घाट लागल्यावर तोंड श्वासाला मोकळं हवं. वर पोचल्यावर पोट हलकं आहे की जड, एवढं बघा. जड वाटलं तर कूट काढून टाका आणि चुरमुरे थोडे वाढवा. मळमळलं तर सरबतातली साखर एक चमचा कमी करा. पुन्हा एक रविवार, मग विजापूर. काय जमलं ते कळवा, आणि सासूबाई काय म्हणाल्या तेही.